दाढी हिरवीच हवी

लॉन्ड्रीतला फोन वाजला तेव्हा काकूंच्या एका हातात कुणाचा तरी लग्नाचा कोट होता, दुसऱ्या हातात ब्रश आणि ओठांत दोन सेफ्टी पिना. पिना काढून त्यांनी फोन कानाला लावला, तर पलीकडून एक बाई कडाडल्या.

"शेवटी पांढरी केलीतच ना? चांगली हिरवीगार होती!"

रंग गेल्याची तक्रार म्हणजे लॉन्ड्रीवाल्यांचं मरण. "काय पांढरं झालं, ताई?"

"दाढी!"

मागे मशीन असं काही गडगडत होतं की काकूंना ऐकू आलं 'गादी'. "गादी आम्ही धुवायला घेतच नाही हो. खोळ तेवढी घेतो."

"खोळ कसली घेऊन बसलात? राक्षसाची म्हणतेय मी, राक्षसाची!"

"अहो ताई," काकू समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भांड्याला भांडं सगळ्यांच्याच घरी लागतं. पण नवऱ्याला परक्या माणसासमोर असं म्हणू नये."

पण बाई निर्धाराने म्हणाल्या, "ते मला काही माहीत नाही. हिरवी करणार आहात की नाही?"

गिऱ्हाइकाच्या तोंडाला लागायचं नाही, हा काकूंचा बाणा. आधी हो म्हणावं, मग बघावं. "होईल हो. काळजी करू नका, हिरवी होईल."

तिकडून आनंदाची एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?" काकांनी इस्त्रीवरून मान न उचलता विचारलं.

"कुणाचीशी गादी पांढरी पडलीय."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"रडकुंडीला आली होती हो बिचारी."

त्यानंतर फोनला जणू भूतबाधाच झाली. एक गृहस्थ म्हणाले, राजकन्येने त्या नावाड्याशी लग्न केलेलं आम्ही खपवून घेणार नाही. काकूंना ते मुलीचे वडील वाटले. "नाही करणार ती, शांत व्हा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, तोच एका आजींचा फोन आला. लग्न झालंच पाहिजे, नाहीतर मी जेवणार नाही, म्हणाल्या. उपाशी म्हातारीचा तळतळाट कोण घेणार? "होईल हो आजी, थाटात होईल. तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

संध्याकाळी दातांचे डॉक्टर आपले पांढरे कोट न्यायला आले, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांच्या काखेत वर्तमानपत्र होतं.

"काकू, हा तर तुमचा नंबर!"

पानभर जाहिरात होती. 'सात धुक्यांचं राज्य' या सहा जाडजूड भागांच्या कादंबरीवर मालिका निघत होती. रसिकांनी आपल्या सूचना कळवाव्यात, असं खाली ठळक अक्षरांत छापलं होतं आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटसुलट होऊन तो नेमका लॉन्ड्रीचा झाला होता. वरच्या चित्रात पांढऱ्या दाढीचा एक धिप्पाड राक्षस उभा होता.

"म्हणजे दाढी होती होय ती!" काकूंनी कपाळाला हात लावला.

"वेड लागलंय लोकांना," काका म्हणाले. "असल्या खोट्यानाट्या राक्षसापायी फोन करतात! उद्याच कळव त्या कंपनीला."

"जरूर कळवा," डॉक्टर म्हणाले. मग जरा घुटमळले. "आता कळवणारच आहात तर... त्या राक्षसाचे दात जाहिरातीत सरळ दाखवलेत. पुस्तकात पुढचे दोन वाकडे आहेत. तेवढं सांगाल?"

दुसऱ्या दिवशी काकू कंपनीला फोन लावायला बसल्या, पण लावणार कसा? हात लावावा तर फोन वाजत असायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना लाइन मिळेना. आणि त्या पहिल्या बाईंनी 'कंपनीने दाढी मान्य केली' म्हणून गावभर केलं होतं, त्यामुळे ज्याला त्याला वाटू लागलं की इथे दाद लागते. काकूंनी एकदोघांना "ही लॉन्ड्री आहे हो" असं सांगून पाहिलं. "आम्ही लहानपणापासून ज्यांना जीव लावला त्यांना तुम्ही धुऊन काढणार, माहीतच आहे आम्हाला," असं उत्तर आलं. शेवटी काकूंनी हात टेकले आणि जो येईल त्याला होईल, होईल म्हणू लागल्या.

नवलाची गोष्ट अशी की त्यांना हळूहळू गोडी लागली. फोन करणारे भांडायला सुरुवात करत आणि बघता बघता गोष्टच सांगू लागत. राक्षस एवढा थोरला, पण अंधाराला कसा भितो. राजकन्या त्याच्या दाढीत काजवे कसे सोडते. आणि तो पुलावरचा प्रसंग, भित्रा राक्षस काळोखात एकटाच पूल ओलांडतो तो! तो सांगताना चांगले चांगले बाप्ये फोनवर नाक ओढत. काकू पदराने डोळे टिपत, आणि काका म्हणत, "त्या शर्टावर टिपं गाळू नकोस, आत्ताच इस्त्री केलीय."

मग एका दुपारी एक वेगळाच आवाज आला. "कोण बोलतंय तिकडून?"

"बोला, तुमचंही होईल," काकू सवयीने म्हणाल्या.

"माझंच तर काही होत नाहीये!" तो माणूस ओरडला. "मी या मालिकेचा दिग्दर्शक आहे. राजकन्येचं लग्न होणार असं निम्म्या लोकांना कुणी सांगितलं? आणि होणार नाही असं उरलेल्या निम्म्यांना?"

काकूंनी त्याला दुकानाचा पत्ता दिला. दुसरं काय करणार?

दिग्दर्शक आला तो घामाघूम होऊन. गॉगल, टोपी, चेहऱ्यावर आठवडाभराचं जागरण. "काकू, तुम्ही मला आयुष्यातून उठवलंत," एवढंच तो बोलला, तोच रस्त्यावर गलका झाला. लग्नवाले डावीकडून येत होते आणि बिनलग्नवाले उजवीकडून. दोघांनाही पत्ता लागला होता. दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी त्याला टांगलेल्या कोटांच्या रांगेत ढकललं आणि पडदा ओढला.

दुकानात ही गर्दी! सगळ्यांत पुढे दाढीवाल्या ताई आणि लग्नवाल्या आजी.

"कुणाला काय सांगितलंत? आत्ता सांगा!" ताई म्हणाल्या.

"सगळ्यांना हो म्हटलं," काकू म्हणाल्या. "चुकलंच माझं. पण खरं सांगू? तुम्ही लग्नासाठी भांडता, दाढीसाठी भांडता. मी मात्र रोज दुपारी वाट बघायचे, कुणीतरी पुलाचं सांगेल म्हणून."

गलका एकदम ओसरला. आजी हळूच म्हणाल्या, "लग्नाचं राहू द्या बाई. पूल ठेवला तरी मी पोटभर जेवीन."

"पूल तर आम्हालाही हवाच," मागून एक बिनलग्नवाला म्हणाला.

कोटांच्या रांगेत डांबराच्या गोळ्यांचा वास घुमत होता. दिग्दर्शकाने बराच वेळ दम धरला, आणि मग दुकान हादरेल अशी शिंक आली. पडदा बाजूला झाला. गॉगल एका कानावर लोंबत होता.

"पूल मी काढून टाकला होता," तो ओशाळून म्हणाला. "गोष्ट रेंगाळते, असं ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं."

"ऑफिसात कुणी वाचलंय का पुस्तक?" आजींनी विचारलं.

तो टोपी काढून कपड्यांच्या गाठोड्यावर टेकला. "सांगा," म्हणाला. "काय काय हवं ते सांगा. पण एकेकाने."

दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी ते बोलतच होते. काकूंनी दोनदा चहा केला. पूल ठेवायचं ठरलं, दाढी हिरवी करायचं ठरलं, दात वाकडे ठेवायचं ठरलं. लग्नाचा निकाल लागला नाही, पण मालिकेच्या पहिल्या वर्षात राजकन्या सहा वर्षांचीच असते, हे कळल्यावर तो प्रश्न सर्वानुमते पुढे ढकलला गेला.

पुलाचा भाग लागला त्या संध्याकाळी टीव्ही लॉन्ड्रीच्या काउंटरवर होता आणि समोर ताई, आजी, डॉक्टर, सगळा गोतावळा. पडद्यावर हिरवीगार दाढी वाऱ्यावर उडत होती. राक्षसाने अंधारात पुलावर पाय टाकला. आजींनी रुमाल काढला.

"अरे चूक!" मागून काका गरजले. "साफ चूक! उजवा पाय कसा टाकतो तो आधी? उजव्या गुडघ्याला लागलंय ना त्याच्या!"

सगळ्यांच्या माना वळल्या. काकूंनी डोळे मोठे केले. "तुम्ही कधी वाचलंत?"

"इस्त्री तापेपर्यंत माणसाने करायचं काय?" काका तणतणले. "सहाही भाग झालेत माझे. आण तो फोन इकडे. मी बोलतो त्या दिग्दर्शकाशी."

चष्मा शोधायचीही त्यांना फुरसत नव्हती. त्यांनी अंदाजाने आकडे दाबले आणि पलीकडून आवाज येताच सुरू झाले, "मी गुडघ्याबद्दल बोलतोय!"

"बोला ना," पलीकडून एक नर्स अदबीने म्हणाली. "हाडांचाच दवाखाना आहे. कधीपासून दुखतोय?"

"दुसऱ्या भागापासून!" काका ओरडले.