लक्ष्मीचा उंबरठा

बायकोची सही घरीच उरकून टाकायची, असं बबनरावांनी ठरवलं. एवढंच ठरवलं होतं बिचाऱ्यांनी!

ते बोंडअळीचं वर्ष. कापूस बुडालेला, त्यामुळे पंचायतीच्या कचेरीत अर्जांची झुंबड. त्यातच दिव्यांगांच्या कायद्याचा कागद आला. कचेरीला उतार बांधा आणि 'मी कुणाच्याही मदतीशिवाय आत गेलो/गेले' असं एका दिव्यांगाचं लेखी घ्या. कारकून बबनराव खूश! (त्यांची विजयमाला तीनचाकी सायकलवर बाभुळगावचा बाजार एकटी करून येई. दिव्यांग शोधत उन्हात हिंडणं वाचलं.)

"उतार झाला बांधून. सही मार एवढी. उद्या कागद यवतमाळले जाते."

"पाह्यल्याशिवाय? आजवर दोघं जनं मले गाठोड्यासारखं उचलून आत नेत. मान वर करायची लाज वाटे. उद्या मी एकटी जाईन, मंगच सही."

सकाळी ती निघाली. उतार झकास, कठडा रंगवलेला. विजयमाला सर्रकन वर गेली, अन् दारातच चाक अडलं. समोर सहा इंचांचा नवाकोरा उंबरठा, वर हळदीकुंकू.

"हे कोनं केलं?"

गवंडी उकंडानं बबनरावांकडे बोट दाखवलं. "मी नोको म्हनलं होतं. बाबू म्हने, उंबरठा नाही तं लक्ष्मी कुठून येईन?"

"लक्ष्मीले पाय हायेत. मी चाकावर हावो!"

बबनराव घाईनं पुढे झाले. "थांब, उचलून घेतो."

"हात तं लावून पाहा!"

तिचे डोळे भरून आले होते. बबनरावांना आयुष्यात प्रथमच स्वतःच्या अकलेची मनापासून लाज वाटली.

तिनं कागद मांडीवर घेतला. 'अडथळे असल्यास वर्णन' या रकान्यात लिहिलं, 'दोन. उंबरठा, सहा इंच. कारकून, पाच फूट चार इंच.' खाली झोकदार सही.

कागद तसाच गेला (दुसरा छापील शिल्लक नव्हता). आठवड्यानं उत्तर आलं, 'पहिला अडथळा तत्काळ काढावा. दुसऱ्याबाबत आपल्या स्तरावर कार्यवाही करावी.'

उंबरठा त्याच दिवशी फुटला. विजयमाला एकटी आत गेली, ताठ मानेनं सगळी कचेरी फिरली आणि बबनरावांच्या टेबलापाशी थांबली.

"दुसऱ्या अडथळ्याचं काय करू?" त्यांनी हळूच विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्या बाजूनं निघता येते. लग्न झालं तवापासून तेच तं करून राह्यली."