सायकलची फाईल

कासारे भाऊसाहेबांच्या सायकलला फाईल आहे. खरीखुरी, पुठ्ठ्याची, लाल नाडीची. सायकल आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी असते आणि फाईल एका पिशवीत घालून हॅन्डलला लटकवलेली असते. साधी घंटी लावायची झाली तरी भाऊसाहेब आधी टिपणी लिहितात, "घंटी बसविणेबाबत". खाली स्वतःच सही करून स्वतःलाच सादर करतात, चार दिवस विचार करतात आणि मग मंजुरी देतात. एकदा आरशाचा प्रस्ताव नामंजूर झाला. मी विचारलं, कुणी केला? तर म्हणाले, "वरून आलाय परत." वर तर आमची पाण्याची टाकी आहे.

भाऊसाहेब म्हणजे महाडच्या एका सरकारी कचेरीतले निवृत्त कारकून. माझ्या समोरच्या खोलीत एकटेच राहतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा मुंबईला असतो, रविवारी फोन करतो, तेवढाच. मी शाळामास्तरीण, आणि तोंडाने फटकळ. सकाळी माझं कुलूप वाजलं की "जयभीम ताई" म्हणत ते दार उघडतात आणि मी जिना उतरेपर्यंत सायकलचा अहवाल देतात. मला उशीर होतो, मी चिडते. पण ऐकते. दिवसभरात हा माणूस दुसऱ्या कुणाशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे.

सायकल जाड टायरची. कॉलेजची पोरं मिरवतात तसली, टायर बघावा तर मोटारसायकलचा वाटावा. स्वस्तातली बघून त्यांनी मोबाईलवरून मागवली होती. कशासाठी, ते पहिल्याच दिवशी सगळ्या बिल्डिंगला कळलं. शिवथरच्या खोऱ्यात एका वाडीवर त्यांची थोरली बहीण राहते, सुमनआक्का. तिच्याकडे जायचं. डांबरी रस्ता संपला की वाडीपर्यंत नुसते दगडधोंडे. रिक्षावाले येत नाहीत, आणि चालायचं तर भाऊसाहेबांचे गुडघे बोंबलतात. "बारीक टायर तिथं टिकायचा नाय," ते म्हणाले. "आक्काकडं जायचं तर गाडी भक्कम पायजे." आठ दिवसांत जाऊन येतो म्हणाले होते. त्याला दोन पावसाळे झाले.

खोक्यातून आलेली सायकल त्यांनी स्वतःच जोडली आणि पुढच्या चाकाचा चिमटा उलटा बसवला. पहिल्याच फेरीत वळायला गेले ते थेट केळीवाल्याच्या गाडीवर. उठले, कपडे झटकले आणि शांतपणे म्हणाले, "त्रुटी हाय." हा त्यांचा लाडका शब्द. चहात साखर कमी पडली तर त्रुटी, शेजारच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत जेवणाची वेळ नसली तर त्रुटी. एकदा माझ्या रांगोळीतसुद्धा काढली होती. दोन दिवस बोलले नाही मी.

त्यानंतर सुधारणा सुरू झाल्या. आधी सीट बदललं, कारण जुन्यावर बसून त्यांना उभ्याने जेवावं लागत होतं. मग प्लॅस्टिकची पेडलं जाऊन लोखंडी आली. मग पोलादपूरच्या एका मिस्त्रीकडे सायकल टेम्पोत घालून नेली आणि मागच्या चाकाला सात गियर बसवून आणले. एवढ्या रुंद टायरला मडगार्ड कुठे मिळेना, तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून निळं पिंप कापून घेतलं. मागे लोखंडी कॅरिअर लागलं. त्यावर आक्कासाठी घेतलेल्या लुगड्याचा पुडा दोरीने बांधून बघितला आणि सोडून परत कपाटात ठेवला. प्रत्येक वेळी मी विचारायची, झाली ना तयार? प्रत्येक वेळी उत्तर एकच. एवढी एक त्रुटी काढतो, की निघालोच.

हवेवरून तर मिस्त्रीशी त्यांचं भांडणच झालं. मिस्त्रीचं म्हणणं, हा टायर थोडा मऊ ठेवायचा असतो, म्हणजे दगडावर बसतो. भाऊसाहेबांनी जन्मभर टायर दगडासारखा टणक ठेवलेला. ते म्हणाले, लेखी द्या. मिस्त्रीने हात जोडले. भाऊसाहेब टायर टम्म फुगवून आले आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्याला बेडकासारखे उडत राहिले.

यंदा दिवाळीनंतर मी फाईल उघडली. त्यात नवी टिपणी होती, "साखळीस झाकण बसविणेबाबत". माझं डोकंच फिरलं. तिथेच जिन्याखाली त्यांना गाठलं आणि सुनावलं. म्हटलं, भाऊसाहेब, सायकलला काही झालेलं नाही. त्रुटी तुमच्यात आहे. जायचं नसेल तर जाऊ नका, पण त्या बिचाऱ्या लोखंडाला छळू नका.

ते पायरीवर बसले. हातातला पाना बाजूला ठेवला.

"सायकल कवाच तयार हाय, ताई," ते म्हणाले.

मग सांगितलं. आक्काचा नवरा गेला, तेव्हा तिने निराधारांच्या पगाराचा अर्ज केला. अर्ज आला नेमका यांच्याच टेबलावर. बहिणीचं काम केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून भाऊसाहेबांनी तो नेहमीपेक्षा बारकाईने तपासला. पहिल्यांदा फोटोवर सही नव्हती. दुसऱ्यांदा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. तिसऱ्यांदा पोलीस पाटलाचा शिक्का पुसट होता. प्रत्येक वेळी ती वाडीवरून उतरून, एसटीने दिवस मोडून आली, आणि प्रत्येक वेळी यांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, आज नाही होत, उद्या या. तिला "या" म्हणाले. सख्ख्या बहिणीला.

"तिसऱ्यांदा तिनं कागद टेबलावर फाडला. म्हणाली, तू भाऊ नायस माझा, तू शिक्का हायस." भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "बारा वर्षं झाली. दार बंद करून घेतलंन तर काय करू, ताई?"

मी म्हटलं, उद्या सकाळी मी शाळेत जायच्या आत तुम्ही निघालेले दिसले पाहिजेत.

निघाले. इस्त्रीचा शर्ट, कॅरिअरवर लुगड्याचा पुडा. किराणा मालाचा टेम्पो खोऱ्यात जातो, त्यात सायकल चढवून दिली. दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी खाली ओळखीची घंटी वाजली. मी धावत गेले. भाऊसाहेबांचं कोपर खरचटलेलं, शर्ट मातीने भरलेला, आणि पुडा कॅरिअरवर तसाच.

"नव्हत्या का घरी?"

"होती. अंगणात सुपानं भात वारवत होती. माझ्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं. म्हणाली, आज नाय जमत. उद्या ये."

माझा पारा चढला. एवढ्या लांबून, या वयात, पडत धडपडत आलेल्या भावाला पाणीसुद्धा विचारलं नाही? मी आणखी बोलणार होते, पण त्यांनी हात वर केला. डोळे भरलेले होते, आणि तरी बायको गेल्यापासून एवढं खुशीत त्यांना मी पाहिलं नव्हतं.

"मला 'ये' म्हणाली, ताई," ते म्हणाले. "'या' नाय."

मग सायकलजवळ उकिडवे बसले आणि पुढच्या टायरची हवा सोडायला लागले. फाईल पिशवीत तशीच होती. मी म्हटलं, टिपणी नाही लिहायची? त्यांना ऐकूच गेलं नाही. अंगठ्याने टायर दाबून बघितला, आणखी थोडी हवा सोडली.

"मी तिला तीन हेलपाटे घालायला लावले होते," ते म्हणाले. "माझा एक झाला. दोन राहिले."

आणि मागच्या चाकाकडे वळले.