आप्पांचा विसरभोळा कॉम्प्युटर

नवा कॉम्प्युटर घरी आला, तेव्हा आमच्या शेजारच्या आप्पांनी आठ दिवस त्याच्याकडून काडीचं काम करून घेतलं नाही. त्याला हळदीकुंकू लावलं, जुन्या कॉम्प्युटरशेजारी मांडलं, दोन्ही चालू ठेवले आणि समोर खुर्ची टाकून बसले.

"आप्पा, हाई काय शे?" मी चक्रावून विचारलं.

"ओयख होऊ दे दोन्हीसनी. नवा बैल कोनी पहिला दिनले आऊतले जुपस का?"

मी शहाद्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, दिवसभर कॉम्प्युटरशी झगडतो. पण त्याला गोठ्याचे नियम लावणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

आप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. रिटायर झाल्यावर लोक केळीत लक्ष घालतात. आप्पा मोबाईलवर व्हिडिओ बघून पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. सदुसष्टाव्या वर्षी! त्यांचा मंत्र एकच: "वरडानं नही, समजाडानं." बंद पडलेल्या मोटारपंपाला थोपटून समजावताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि पंप सुरू झाला, हे त्याहून भयंकर.

आप्पांनी फोटो दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला होता. तो पायथनच्या जुन्या आवृत्तीवरच चालायचा. एकाच कॉम्प्युटरवर जुनी आणि नवी आवृत्ती नांदवायला व्हर्जन मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते आप्पांनी नव्या कॉम्प्युटरवर टाकलं, कुठे ठेवलंय ते त्याला टाईप करून सांगितलं, प्रोग्राम चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर म्हणाला, असली कमांड मला माहीतच नाही.

हे मला महिन्याभराने कळलं, तेही बोलता बोलता.

"मंग तुम्ही काय करतस?"

"काय करसू? रोज सकायले परत सांगस. बंद करं का हाऊ भुली जास. पन सकायले तो प्रोग्राम चालनाच पाहिजे."

रोज! तीच लांबलचक ओळ, एका बोटाने, महिनाभर! मी कपाळावर हात मारला. माझ्या हातून ते खोकं दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर गेलं असतं.

"आप्पा, ती लाईन एकदाच सुरुवातनी फाईलमा लिखनी पडस. मंग हाऊ कधीच भुलत नही."

दोन मिनिटांत मी ती लिहिली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. काही न सांगता प्रोग्राम उघडला. आता आप्पा टाळी देतील म्हणून मी हात पुढे केला, तर ते उठून आत गेले आणि कमलमायचा हात धरून त्यांना घेऊन आले. कमलमाय त्यांची बायको. गुडघे दुखतात म्हणून त्या बाहेर पडत नाहीत, असं आप्पा सगळ्यांना सांगायचे.

पडद्यावर एक फोटो आला. खाली मोठ्या अक्षरांत: 'हाऊ तुन्हा भाऊ.' मग दुसरा: 'हाई तुन्ही पोर.' शेवटी भरघोस मिशांचे तरुण आप्पा: 'हाऊ तुन्हा नवरा.' कमलमाय त्या फोटोकडे बघून चक्क लाजल्या. मग शेजारी बसलेल्या आप्पांकडे वळून त्यांनी अदबीने विचारलं, "भाऊ, तुम्ही कोनता गावना?"

एका भिंतीपलीकडे राहतो मी, आणि मला याचा पत्ता नव्हता. लाज वाटली.

"याच गावना शे, बाई," आप्पा म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतून कमलमायपुढे धरला.

मी निघालो, तेव्हा ते दारापर्यंत आले.

"ती लाईन," ते हळूच म्हणाले, "तशी मानूसना डोकामा लिखता येस का रे दादा?"

"नही, आप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि कमलमायचा चहा निवत होता म्हणून लगबगीने आत गेले.