दुसरं फाटक

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला निवांत कुठेतरी बाहेर जाऊ या, असं जिलियननेच सुचवलं होतं. नवऱ्याला सोडून चालल्याची बातमी द्यायची तर ती निवांतपणी द्यावी, असं तिचं मत होतं. घरी तशी सोय नव्हती. शेजारच्या प्रिचर्ड बाईंना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत असे. शिवाय शनिवारी नॉर्मन मोटार धुवायचा आणि रविवारी बागेतलं गवत कापायचा. त्यात असलं बोलणं बसवायचं कुठे?

नॉर्मन काही वाईट माणूस नव्हता. लेस्टरच्या एका शाळेत त्याने जन्मभर भूगोल शिकवला, निवृत्त झाला आणि मागच्या खोलीत नकाशे पसरून बसला, तो बसलाच. जिलियन काहीही बोलली की त्या खोलीतून 'हं' एवढंच यायचं. छप्पर गळतंय म्हटलं तरी 'हं' आणि माझा दात दुखतोय म्हटलं तरी 'हं'. एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की या घरात आपण आणि एक 'हं' असे दोघंच राहतो. हल नावाच्या शहरात तिच्या बहिणीकडे, पोलीनकडे, एक खोली रिकामी होती. जिलियनने स्वयंपाकघरातून फोनवर तिच्याशी सगळं ठरवलं आणि मग यॉर्कशायरच्या डोंगरात दोघांसाठी एक छोटं घर दोन रात्रींपुरतं भाड्याने घेतलं.

मालकीणबाईंचा निरोप सुटसुटीत होता. चर्च ओलांडलं की डाव्या हाताचं दुसरं फाटक. चावी मागच्या दाराशी कुंडीखाली. खायला काहीतरी करून ठेवते, घर आपलंच समजा.

शुक्रवारी पाऊस होता. तिथे पाऊस असतोच, पण त्या दिवशी ओढ्याचं पाणी पुलावर आलं आणि पुलाशी उभ्या असलेल्या पोलिसाने सगळ्या गाड्या डोंगराला वळसा घालायला लावल्या. त्यामुळे दोघं गावात शिरले ते उलट्या बाजूने. जिलियनने निरोप अक्षरशः वाचून दाखवला आणि नॉर्मनने तो अक्षरशः पाळला. चर्च ओलांडलं, डाव्या हाताचं दुसरं फाटक घेतलं. उलट्या बाजूने आल्यावर डावा हातही उलटा होतो, हे गाडीत कुणी बोललं नाही. मागच्या दाराशी कुंडी होती आणि कुंडीखाली चावी होती. त्या गावात ती सगळ्यांचीच तिथे असते.

घर जिलियनला मुळीच आवडलं नाही. बाथरूममध्ये अर्धा झिजलेला साबण, कोचावर कुत्र्याचे केस आणि भिंतीभर कुणाच्या तरी घरच्या लग्नांचे फोटो. चुलीवर मात्र मटणाचा स्ट्यू होता.

"तक्रार करायची का?" तिने विचारलं.

"आल्या आल्या कसं बरं दिसेल?" नॉर्मन म्हणाला. ते काही बरं दिसलं नसतं. म्हणून दोघं जेवायला बसले.

त्यांची ताटं अर्धी झाली होती तेव्हा मागचं दार उघडून एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं आणि मागून एक ओलं कुत्रं येत होतं. त्याने आपल्या टेबलाशी बसून आपला स्ट्यू खाणाऱ्या दोन अनोळखी माणसांकडे पाहिलं. दुसऱ्या एखाद्या मुलखात निदान काठी तरी उगारली गेली असती. म्हाताऱ्याने टोपी काढली.

"घर सापडलं ना नीट?"

"अगदी सहज," जिलियन म्हणाली.

"पाऊस फार आहे."

"फारच."

"मीठ कमी पडलं असेल त्यात."

"छे हो, छान झालाय."

एवढं झाल्यावर मग कुणाला काही विचारायची सोयच उरली नाही. हा मालकीणबाईंचा बाप असणार आणि तो घरातच राहतो हे बाईंनी लबाडीने लपवलं, असा जिलियनने हिशेब लावला आणि राग गिळून टाकला. म्हाताऱ्याचं नाव विल्फ मेटकाफ. त्याचाही एक हिशेब होता. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको एनिड वारली. दफनाला आलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन तो म्हणाला होता, या कधीतरी राहायला. सगळे म्हणाले होते, नक्की येऊ. अशा वेळी असंच म्हणायचं असतं आणि नंतर कुणी जायचं नसतं, हे सगळ्या इंग्लंडला माहीत आहे. विल्फ मात्र वाट पाहत राहिला आणि कुणीच आलं नाही. आता हे दोघं आले होते. एनिडकडचे असावेत. चेहरे आठवत नव्हते, पण येणाऱ्याला तू कोण म्हणून विचारायचं तरी कसं? त्याने पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलली आणि दोन रबरी पिशव्या गरम पाण्याने भरून आणल्या.

शनिवारी सकाळी जिलियन उठली तेव्हा नॉर्मन अंथरुणात नव्हता. खिडकीतून पाहिलं तर तो पावसात विल्फबरोबर लाकडं फोडत होता. ज्या माणसाला घरी दिव्याचा बल्ब बदलायला महिना लागतो, तो दुसऱ्याची लाकडं फोडत होता. जेवण झाल्यावर तिने त्याला खिडकीशी गाठलं.

"नॉर्मन, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"विल्फ," नॉर्मनने आत हाक मारली, "चहा टाकू का हो?"

संध्याकाळी ती त्याला फिरायला चल म्हणाली, तर त्याने कुत्र्यालाही घेतलं आणि कुत्र्यामागोमाग विल्फ आलाच. तिघं आणि कुत्रं मुकाट्याने भिजत चर्चपर्यंत गेले. विल्फ तिथल्या थडग्यांतल्या एका नव्या दगडापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग सगळे परत आले. तिऱ्हाइताच्या देखत नवऱ्याला सोडता येत नाही. जिलियनला रडू येण्याइतका संताप आला होता, पण तिने बटाटे सोलले.

रात्री जेवल्यावर शेकोटीपाशी विल्फ म्हणाला, "एनिड मला म्हणायची, तू बोलत नाहीस. खरंच नव्हतो बोलत. आता दिवसभर बोलतो या कुत्र्याशी. त्याला कंटाळा येतो." मग त्याने विचारलं, "तुमची दोघांची ओळख कशी झाली?"

जिलियन उत्तर देणार तोच नॉर्मन बोलू लागला. ती शाळेच्या ऑफिसात होती आणि तो रोज सकाळी तिच्याकडे खडू मागायला जायचा.

"खडू फार लागायचा याला," जिलियन म्हणाली. "हा एका दिवसात एवढं काय लिहितो, असं वाटायचं."

"काही नाही लिहायचो," नॉर्मन शेकोटीकडे बघत म्हणाला. "माझं कपाट खडूंनी भरलं होतं. शेवटी हेडमास्तरांनी विचारलं, विकतोस का म्हणून."

विल्फ हसला, तो खोकला येईपर्यंत हसला. जिलियनला मात्र हसता येईना. तीस वर्षांत ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती आणि आता एका परक्या माणसाला सांगितली जात होती, याचं तिला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी सामान गाडीत ठेवताना फाटकाशी तिच्या फोनला दोन दिवसांनी रेंज मिळाली आणि तो लगेच वाजला. भाड्याच्या घराच्या मालकीण, आल्डरसन बाई, बोलत होत्या. आवाज गोड होता. तुम्ही पोहोचलाच नाहीत, दोन दिवस आम्ही शेकोटी पेटवून ठेवतोय, सगळं ठीक आहे ना, असं त्या विचारत होत्या. जिलियनने त्यांना काय सांगितलं ते तिचं तिलाही आठवत नाही. ती धावतच स्वयंपाकघरात गेली. लाजेने तिचे कान तापले होते.

"मिस्टर मेटकाफ, फार मोठी चूक झाली हो. आम्ही भलत्याच घरात शिरलो. तुमचा स्ट्यू खाल्ला. तुमच्या गादीवर झोपलो."

"हो गं पोरी, माहीत आहे," विल्फ म्हणाला. "काल सकाळीच सांगितलं मला तुझ्या नवऱ्याने. म्हणाला, चुकून आलो, पण रविवारपर्यंत राहू द्याल का? लाकडं फोडून देतो."

जिलियनने नॉर्मनकडे पाहिलं. नॉर्मन कुत्र्याकडे पाहत होता.

"का, ते मी विचारलं नाही," विल्फ म्हणाला. "विचारत नसतात."

आता तिथून लवकर निघणं एवढंच उरलं होतं. अशा वेळी तोंडातून जे आपोआप निघतं तेच दारात जिलियनच्या तोंडून निघालं. "या ना तुम्हीसुद्धा आमच्याकडे कधीतरी राहायला."

"कधी?" विल्फने विचारलं.

असं कुणी विचारत नाही. या वाक्याला 'नक्की येईन' म्हणायचं आणि दार लावायचं, अशी पद्धत आहे. पण म्हातारा टोपी हातात धरून उभा होता आणि उत्तराची वाट पाहत होता.

"नाताळला," जिलियन म्हणाली.

गाडी चर्चपाशी आली. पाऊस चालूच होता.

"जन्मभर भूगोल शिकवलास," ती म्हणाली. "तुला फाटक चुकलंय हे कधी कळलं?"

"वळतानाच."

"मग वळलास कशाला?"

नॉर्मनने बराच वेळ काच पुसली. काच आतून कोरडीच होती.

"त्या भाड्याच्या घरात आपण दोघंच असतो," तो म्हणाला. "मग तू बोलली असतीस. हलचं. स्वयंपाकघरात बोललेलं मागच्या खोलीत ऐकू येतं, जिल. मला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. 'हं' म्हणायचं नव्हतं."

रागवावं की रडावं हे न कळून जिलियनने हातमोजे घातले आणि परत काढले.

"नाताळला तो येणार," ती म्हणाली. "मी हलला आणि तू लेस्टरला. कसं दिसेल ते?"

"बरं नाही दिसणार."

"निदान नाताळपर्यंत तरी थांबायला हवं मला."

"मग तो आपल्याला उलट बोलावणं करेल."

"करणारच. रीतच आहे तशी."

"म्हणजे इस्टरला आपल्याला इकडे यावं लागेल," नॉर्मन जपून म्हणाला.

जिलियनने बाहेर पाहिलं. ओली मेंढरं भिंतीला चिकटून उभी होती. पुलावरचं पाणी अजून ओसरलं नव्हतं आणि तोच पोलीस सगळ्यांना तोच वळसा घालायला लावत होता.

"येऊ," ती म्हणाली. "पण फाटकं मी मोजीन."