खातेदाराची सही

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, मुलाला एक जुनं पासबुक सापडलं. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. त्या खात्याला पंधरा वर्षांत कोणी हात लावला नव्हता, आणि शिल्लक बघून मुलगा खालीच बसला. आईची अडलेली कवळी सहज होणार होती.

"तुला माहीत होतं?"

"असेल काहीतरी," आई तोंडावर हात धरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. काउंटरवरच्या मॅडमनी मृत्यूचा दाखला पाहिला, वारसाचा अर्ज भरून घेतला आणि खातं उघडतानाचं सहीचं कार्ड मागवलं.

"पासबुकावर नाव अर्धवट आहे. खातं तुमच्याच वडलांचं हे सहीवरून ठरेल. त्यांची सही असलेला कागद द्या."

मुलाने ड्रायव्हिंग लायसन्स दिलं. कार्डावरची सही वळणदार, लांब शेपटीची. लायसन्सवरची मात्र शाईत पडलेली माशी कागदावरून चालत गेल्यासारखी. तो घरी धावला, कारखान्याचं ओळखपत्र आणि घराचा भाडेकरार घेऊन आला. तिथेही माशीच.

"हे खातं दुसऱ्याच कुणाचं दिसतंय."

"अहो, पासबुक आमच्या घरात होतं!"

"सापडलेलं पासबुक कुणाचंही असतं."

मुलगा इरेला पेटला. पुढच्या फेरीत त्याने स्वतःचं नववीचं प्रगतिपुस्तक आणलं. गणितातले अठ्ठावीस मार्क अंगठ्याखाली झाकून त्याने पालकांची सही पुढे केली. वळणदार! लांब शेपटीची!

"जुळली की!" मॅडम खूश झाल्या, आणि लगेच थबकल्या. "मग लायसन्सवर कुणाची?"

मुलाने आईकडे पाहिलं. आई पंख्याकडे बघत होती.

"लायसन्सवरची त्यांचीच," ती म्हणाली. "प्रगतिपुस्तकावर मी करायचे. ते अठ्ठावीस बघून यांनी तुला सोडलं असतं का?"

"आणि आमच्या कार्डावर?" मॅडमनी विचारलं.

"ती पण माझीच. फॉर्म घरी आले होते, यांची दुपारपाळी. म्हणाले, तूच ठोकून दे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आजी, याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"संसार," आई म्हणाली.

मॅडम उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेपलीकडे साहेबांचे हात बराच वेळ हवेत फिरत होते. तोवर मुलाने सगळी नखं खाऊन संपवली.

"साहेबांनी खात्याचा जुना फॉर्म काढून पाहिला. त्यावरचा फोटो त्यांचा, पत्ता तुमचाच, म्हणून तयार झालेत," मॅडम परत येऊन म्हणाल्या. "घडलं ते सगळं लिहून द्या. पैसे तुमच्या खात्यात जमा करू. तुमचं खातं इथेच आहे ना? मग इथे सही करा. स्वतःची हं!"

आईने ओठ मुडपून, सावकाश, स्वतःच्या नावाची सही केली. मॅडमनी कॉम्प्युटरवर तिच्या खात्याची सही काढली. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"आजी, ही जुळत नाही."

"नाही जुळायची," आई अगदी हळू म्हणाली. "मी यांची केली म्हणून यांनी माझी केली."

मुलाने कपाळावर हात मारला. "अगं, मग इतकी वर्षं तू पैसे कसे काढलेस?"

"माझी स्लिप हेच भरून द्यायचे. ते होते तोवर एकदाही अडलं नाही रे."