तिसऱ्यांदा धोबीपछाड

गुरुशांतचा कॅमेरा बंद पडला तेव्हा शेवटची कुस्ती लागून दहा मिनिटं झाली होती. दोन्ही पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते फिरत होते.

भवानी पेठेतल्या या म्हाताऱ्या फोटोग्राफरला संपादकानं सकाळीच बजावलं होतं, "निकालाचा फोटो पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून लोकांच्या मोबाइलमधला घेऊ."

शेजारी रुद्रप्पा आणि अमरेश बसले होते. तिघांचे पेपर वेगळे, पण मातीच्या कडेला कायदा एकच. एकाचं सामान अडलं तर दुसऱ्यानं द्यायचं, एकाचा फोटो चुकला तर दुसऱ्यानं आपल्यातला द्यायचा. तीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता.

रुद्रप्पानं आपला कॅमेरा मांडीवर ठेवून पिशवीतली जादा बॅटरी काढून दिली. तरी कॅमेरा उठेना.

"मामा, आत माती गेलीया," अमरेश म्हणाला. आपला कॅमेरा गळ्यात सोडून तो रुमालाच्या टोकानं गुरुशांतचा पुसू लागला. "फुंका की जरा."

"आरं, कुस्ती बघा कुणीतरी!" गुरुशांत म्हणाला.

"अमरेश बघतोय की," रुद्रप्पा म्हणाला.

"मी कुटं? मी पुसतोय!"

तेवढ्यात मैदान उसळलं. तिघांनी माना वर केल्या, तर बार्शीचा आदिनाथ आभाळाकडं बघत पडला होता आणि अक्कलकोटचा प्रभुलिंग हात उंचावून नाचत होता. धोबीपछाड झाली होती. ती तिघांपैकी कुणाच्याच कॅमेऱ्यात नव्हती. गुरुशांतचा कॅमेरा मात्र आता निमूट चालू झाला.

आजवर गुरुशांतनं कुठल्या पैलवानाला 'पुन्हा कर' म्हटलं नव्हतं. आज तो हात जोडून आदिनाथपुढं उभा राहिला.

"फोटो चुकला, पैलवान. भाकरीचा प्रश्न हाय. एकदा पडता का?"

"तिघांचाबी चुकला?"

आदिनाथनं अंगावरची माती झटकली. "बरं, चला. जरा सावकाश टाक रं, प्रभुलिंग."

पहिल्यांदा तो गादीवर टेकल्यासारखा पडला. "ह्ये झोपणं झालं," रुद्रप्पा म्हणाला. दुसऱ्यांदा पडता पडता त्याला हसू फुटलं. ऊन उतरत चाललं होतं.

"आता मातर खरं करा," गुरुशांत कळवळून म्हणाला.

तेवढंच चुकलं. प्रभुलिंगनं खरा डाव टाकला आणि बारा वर्षं वस्तादानं घोटून घेतलेलं आदिनाथच्या अंगानं आपणहून केलं. कंबर फिरली, आणि प्रभुलिंगच पाठीवर आला. तीन कॅमेरे एकदम वाजले.

"ह्यो निकाल न्हाय!" पंच ओरडत धावले. घरी निघालेले लोक शिट्ट्या मारत माघारी फिरले. खालून प्रभुलिंग म्हणाला, "साकु, मामा. पुरे झालं."

गुरुशांतनं फोटो पाहिला. उडालेली माती, आभाळात गेलेले दोन पाय, आदिनाथचे डोळे. आयुष्यात असा फोटो त्याला मिळाला नव्हता. फक्त निकाल उलटा होता.

"ह्यो द्यायचा न्हाय," तो म्हणाला.

"मग माजाबी न्हाय," रुद्रप्पा म्हणाला. "तुमी एकट्यानंच का म्हनून शिव्या खायच्या?"

अमरेशकडं दुसऱ्या वेळचाही फोटो होता. त्यात आदिनाथ हरलेला होता, पण हसत होता. अमरेशनं तो थोडा वेळ पाहिला आणि पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकानं तिन्ही पेपर टेबलावर पसरले. निकालाचा फोटो कुणाकडंच नव्हता. लोकांनी पाठवलेल्या मोबाइलच्या फोटोंत कुस्तीच्या जागी तीन वाकलेल्या पाठी होत्या. त्यानं गुरुशांतला फोन केला. "कुणालाच मिळाला नाही ना? मग आपण मागं नाही. पुढच्या वर्षीही तुम्हीच जा."

दोन महिन्यांनी गुरुशांत तो फोटो चौकटीत बसवून बार्शीला घेऊन गेला. आदिनाथच्या आईनं, दगडाबाईनं, पदरानं काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"पेपरात तर आमचा हारला म्हनून आलंय. हितं तर त्योच वर हाय. असं कसं वो?"

गुरुशांतनं चहा बशीत ओतला.

"त्यो हारला तवा आमी तिघंबी खाली बघत हुतो, अक्का."