बाबलकाका आणि छातीवरचा ‘व’

मुंबईत स्वेटर घालणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर नुकताच महाबळेश्वरहून आलेला असतो आणि ते चारचौघांना कळावं अशी त्याची इच्छा असते. आमचे बाबलकाका या दोन्हींत मोडत नव्हते. परळच्या आमच्या चाळीत, वर पत्रा तापलेला असताना, ते उघड्या अंगानं गॅलरीत बसून स्वेटर विणत. घामाचे ओघळ लोकरीवर पडू नयेत म्हणून मांडीवर पंचा. विणलेल्या प्रत्येक स्वेटरवर डाव्या छातीशी घालणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. एखादा टाका तिरका गेला तर सबंध बाही उसवायचे. चाळीतल्या बायका त्यांना नमुने विचारायला येत आणि माघारी तोंडाला पदर लावून हसत.

हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. लग्न केलं नव्हतं. वडिलांनी मला मालवणाहून शिकायला त्यांच्याकडे पाठवलं आणि मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं लिहू लागलो. एका खोलीत या भिंतीला माझे पत्रकांचे गठ्ठे, त्या भिंतीला त्यांचे लोकरीचे गुंडे, मध्ये पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली. एकदा निळा गुंडा त्या बादलीत पडला. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेकडो गावांचा सीमाभाग जाऊ नये म्हणून मी घसा फोडत होतो आणि या गृहस्थाला एका गुंड्याचं सुतक.

काकांची सगळी नोकरी, निवृत्त होईपर्यंत, परळच्याच एका इस्पितळात कपडेकोठीवर झाली. पेशंट दाखल झाला की त्याच्या अंगावरचे कपडे गाठोड्यात बांधायचे, चिठ्ठी लावायची, माणूस बरा झाला की परत द्यायचे. जो बरा होत नसे त्याचे घरच्यांना द्यायचे. घरचे आलेच नाहीत तर गाठोडं तसंच फळीवर. या नोकरीनं त्यांच्या डोक्यात एकच वाक्य कायमचं बसवलं होतं : “नाव नाही म्हणजे बेवारशी.”

त्यांचा तांब्या, छत्री, चपलांचे तळवे, नळावरची बादली, सगळ्यांवर ‘बा’ होता. माझ्या चळवळीचा निकालही त्यांनी याच वाक्यानं लावला. मी एकदा तावातावानं मुंबई कुणाची यावर बोलत होतो. काकांनी सुईवरून नजर न उचलता विचारलं, “नाव घातलं होतं का तिच्यावर? नव्हतं ना? मग चार जण हात घालणारच.” ज्या प्रश्नावर आमचे पुढारी दोन-दोन तास बोलत तो त्यांनी एका टाक्यात संपवला. मला त्याचा संताप आला आणि पुढच्या पत्रकात मी तेच वाक्य थोडं फिरवून वापरलं.

त्या दिवाळीनंतर त्यांनी माझा स्वेटर विणायला घेतला. राखाडी रंग, पांढरं अक्षर. मी गॅलरीत उभा राहून घोषणांचा सराव करत असताना ते मागून वितीनं माझी पाठ मोजत. मी हात वर केला की म्हणत, “तसाच ठेव, काखेचं माप राहिलंय.” अक्षराची वेळ आली तेव्हा मी बंड केलं. मी म्हटलं, छातीवर स्वतःचं नाव मिरवणं हा शुद्ध व्यक्तिवाद आहे. लिहायचंच तर ‘संयुक्त महाराष्ट्र’ लिहा.

“महाराष्ट्र हरवला तर शोधायला सगळी मुंबई रस्त्यावर आहे,” काका म्हणाले. “तू हरवलास तर मी एकटा. मला खूण नको?”

मग मी त्यांच्यावरच घसरलो. कारण त्यांच्या स्वतःच्या स्वेटरवर, खुंटीला टांगलेल्या त्या विटक्या तपकिरी स्वेटरवर, अक्षरच नव्हतं. छत्रीवर होतं, तांब्यावर होतं, अंगावर नाही. हा दुटप्पीपणा आहे असं मी त्यांना स्पष्ट सुनावलं. काकांनी सुई दातात धरली आणि लोकर तोडली.

मोर्चाच्या दिवशी ते दारात आडवे उभे राहिले. स्वेटर घातल्याशिवाय सोडीनात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बरोबरच्या पोरांनी मला पाहिलं आणि एकानं विचारलं, “वश्या, काश्मीर मागायला चाललास काय रे?” परळपासून फोर्टापर्यंत मी शिजत गेलो.

फोर्टात अश्रुधूर झाला, मग लाठ्या. माझ्या शेजारी घोषणा देणारा एक गिरणीवाला पोरगा डोकं फुटून खाली बसला आणि उन्हात कुडकुडायला लागला. त्याचं नाव विचारायलाही वेळ नव्हता. मी स्वेटर काढून त्याच्या अंगात चढवला. लोकांनी त्याला उचलून गाडीत घातलं. पोलिसांनी मला उचलून दुसऱ्या गाडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीतून सुटून घरी आलो तर खोलीला कुलूप. शेजारच्या सखूवहिनी भांडी घासत होत्या. त्यांनी सांगितलं की काका कालपासून इस्पितळं हिंडतायत, हातात पांढऱ्या लोकरीचा धागा धरून. दिसेल त्याला विचारतायत की या लोकरीचा ‘व’ छातीवर असलेला मुलगा आलाय का. “आधी त्यांना शोधायला जा,” वहिनी म्हणाल्या, “मग भाषणं कर.”

काका त्यांच्या जुन्या इस्पितळातच सापडले. कपडेकोठीत ‘व’ मिळाला होता. ते धावत वॉर्डात गेले होते आणि खाटेवर भलताच पोरगा होता. त्यांनी घरी परत यायला हवं होतं. ते त्याच्या उशाशी स्टुलावर बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होते.

मला पाहून त्यांनी वाटी खाली ठेवली. जवळ बोलावलं, माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, मागून, पुढून, कानांच्या मागे. मग पुन्हा स्टुलावर बसले आणि पेजेची वाटी उचलली.

“मेल्या,” ते म्हणाले, “याला तुझं नाव घालून पाठवलंस. मी येऊन ‘व’ कुठाय, वसंत कुठाय म्हणून ओरडलो, तर यांनी याला वसंत म्हणूनच लिहून घेतला. हा तेव्हा बेशुद्ध. याची आई दारात येऊन विचारून गेली असती आणि यांनी ‘असा कोणी नाही’ म्हणून सांगितलं असतं.”

काकांच्या हाकांनी बिचारा वसंत झाला होता. त्यानं डोळे उघडून क्षीण आवाजात सांगितलं : नाव गणपत. आई रत्नागिरीला, मुंबईत कोणी नाही. लालबागला खानावळीत जेवतो.

काकांनी मला पहिलं काम दिलं ते कारकुनाकडे जाऊन नाव बदलून घ्यायचं. मी ते मोर्चाच्या आवाजात केलं आणि ताबडतोब झालं. परत आलो तर धुतलेला स्वेटर त्यांच्या मांडीवर होता आणि ते माझा ‘व’ टाक्याटाक्यानं उसवत होते. त्याच लोकरीनं त्यांनी तिथे ‘ग’ घालायला घेतला. गणपत पडल्या पडल्या ते बघत होता.

“आणि तुमच्या स्वेटरवर?” मी विचारलं.

“माझ्यावर कशाला?” काका सुईत धागा ओवत म्हणाले. “धागा हातात घेऊन हिंडणार कोण?”

त्या आठवड्यात काका गणपतला पेज घेऊन गेलेले असताना मी खुंटीवरचा तपकिरी स्वेटर काढला. उरलेली पांढरी लोकर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली. पत्रकातली मथळ्याची अक्षरं काढण्यात माझा हातखंडा, पण लोकर घोषणेला दाद देत नाही. ‘बा’ तयार झाला तो धरपकडीत सापडल्यासारखा दिसत होता : पोट एकीकडे, दांडी दुसरीकडे, वरची रेघ लोंबती.

काका आले. स्वेटर उजेडाला धरला, अक्षर बोटानं चाचपलं, उलटून मागच्या गाठी पाहिल्या. पेटीतून त्यांनी कात्री काढली. मी मान खाली घालून वाट पाहिली.

त्यांनी लोंबता धागा तेवढा कापला आणि स्वेटर अंगात घातला. बाहेर पत्रा तापला होता.